टीबी-303: विक्रीत फसलेलं बेसयंत्र, मुंबईतले दहा राग आणि शिकागोची एक टेप

1981 साली जपानच्या रोलँड कंपनीने एक लहानसं चंदेरी यंत्र बाजारात आणलं. नाव टीबी-303 बेस लाइन, अमेरिकेतली किंमत 395 डॉलर. एकट्याने गिटार किंवा की-बोर्ड वाजवणाऱ्याला घरबसल्या बेस गिटारची साथ मिळावी, हा त्यामागचा सरळ हेतू होता. 1984 मध्ये उत्पादन बंद झालं, तोवर साधारण 10,000 नग तयार झाले होते आणि दुकानदार ते पडेल भावात काढत होते. 1987 मध्ये शिकागोहून एक रेकॉर्ड निघाली आणि याच यंत्राच्या आवाजावर ‘अ‍ॅसिड हाऊस’ नावाचा संगीतप्रकार उभा राहिला. या दोन टोकांच्या मधे, 1982 साली, मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच यंत्र वापरून दहा राग ध्वनिमुद्रित केले आणि ती तबकडी कुणाच्याही ध्यानीमनी न येता बाजारातून नाहीशी झाली.

‘काळाच्या पुढचं यंत्र’ म्हणून या प्रकरणाची बोळवण करण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. टीबी-303 काळाच्या पुढे नव्हतं. ज्या कामासाठी ते विकलं गेलं त्या कामात ते कच्चं होतं, आणि दुसऱ्या एका कामात अतिशय चांगलं. ते दुसरं काम दिसायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या: स्वस्त झालेलं यंत्र, त्याच्याशी मोकळेपणाने खेळणारा हात आणि समोर नाचणारी माणसं. मुंबईत यातलं काय होतं आणि काय नव्हतं, हे नीट पाहिलं की चरणजित सिंगांबद्दलच्या पुष्कळशा दंतकथाही बाजूला पडतात.

ओसाकातला हिशोब

इकुतारो काकेहाशी यांनी 1972 मध्ये ओसाकात रोलँड सुरू केली. त्याआधी एस टोन या नावाने ते ऑर्गन आणि ठेका देणारी यंत्रं बनवत होतेच. ‘साथ देणारं यंत्र’ हा त्यांचा जुना ध्यास. 1980 मध्ये टीआर-808 हे तालयंत्र आलं, पाठोपाठ टीआर-606 ड्रमॅटिक्स हे त्याचं छोटं भावंड, आणि त्या 606 च्या जोडीला बेससाठी टीबी-303. दोन्ही एकाच मापाची, एकाच घडणीची, एका केबलने जोडली की एका लयीत चालणारी, आणि वेळ पडली तर बॅटरीवरही. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. त्याचा आराखडा तादाओ किकुमोतो यांचा. पुढे 1983 मध्ये आलेल्या टीआर-909 मागेही हेच अभियंते होते.

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा रियाजाला लावतात, तसाच हा मामला. वाजवणारा एकटा आहे, साथीदार रोज मिळत नाही, मग पेटीतून साथ. कल्पना चुकीची नव्हती. पण तानपुऱ्याच्या पेटीला चार तारांचा एकसुरी झंकार उभा करायचा असतो, तर बेस गिटारवाला गाण्याच्या जोडीने चालतो, कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ) बदलली की जागा बदलतो, बोटांनी दाब कमी-जास्त करतो. हे सगळं एका ऑसिलेटरच्या, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या एकाच सर्किटच्या, यंत्राकडून मागितलं होतं. त्यात लहरींचे दोनच प्रकार, करवती किंवा चौकोनी. पुढे आवाजातला वरचा भाग कापणारा एक फिल्टर, आणि वर नॉबची एक रांग: सूर जुळवणं, कटऑफ (फिल्टर किती उघडा), रेझोनन्स (त्या सीमेवरचा आवाज किती टोकदार), एन्व्हलप (प्रत्येक सुराबरोबर फिल्टर किती हलेल), डिके (ती हालचाल किती वेळात मिटेल), अ‍ॅक्सेंट. त्यातून निघणारा आवाज बेस गिटारच्या जवळपासही जात नव्हता. तो चिकट, नाकातला, ओलसर असा होता.

आवाजापेक्षाही मोठी अडचण सूर भरण्याची होती. हा भाग मी जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

303 च्या एका पॅटर्नमध्ये 16 घरं असतात. त्यात चाल भरायची तर सूर आणि काळ दोन वेगळ्या फेऱ्यांत भरावे लागतात. आधी सुरांची यादी: एका सप्तकाच्या छोट्या बटणांवर एकामागून एक सूर दाबत जायचं, आणि प्रत्येकाबरोबर तो वरच्या सप्तकातला की खालच्या, त्याला जोर द्यायचा का, पुढच्या सुरावर तो घसरत जाणार का, हेही सांगायचं. मग दुसऱ्या फेरीत प्रत्येक घराला सांगायचं की इथे सूर वाजेल, आधीचा सूर लांबेल, की इथे विश्रांती. यंत्र या दोन याद्या वाजवताना जोडतं. विश्रांतीच्या घरात सूर खर्च होत नाही. म्हणजे समजा कलावतीची ‘सा ग प ध’ अशी ओळ भरली आणि काळाच्या यादीत तिसऱ्या घरात चुकून विश्रांती पडली, तर तिथून पुढचे सगळे सूर एकेक घर सरकतात. पंचम जिथे हवा होता तिथे शांतता, धैवताच्या जागी पंचम. समेवर नेमका कोणता सूर येईल, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

साथीचं यंत्र म्हणून ही मोठी डोकेदुखी. गाण्याची बेस लाइन डोक्यात पक्की असलेल्या गिटारवाल्याला ती यंत्रात उतरवायला अर्धा तास जायचा, आणि इतकं करून आवाज बेसचा नाहीच. बॅटऱ्या संपल्या किंवा काढल्या की भरलेलं सगळं पुसलं जायचं, आणि नव्या बॅटऱ्या घातल्यावर स्मृतीत काहीतरी अनोळखी, आपोआप तयार झालेली सुरावट पडलेली असायची. चाल मनात ठरवून आलेल्या माणसाला हा त्रास. पण काहीच न ठरवता बसलेल्याला यंत्र स्वतःहून एक ओळ देऊ करत होतं.

आता ‘स्लाइड’. घसरणीची खूण असलेल्या सुरावरून पुढच्या सुरावर जाताना यंत्र आवाज तोडत नाही, सूर सरकवत नेतं, आणि अंतर दोन स्वरांचं असो की अख्ख्या सप्तकाचं, वेळ तेवढाच घेतं, साधारण 60 मिलिसेकंद. ही मींड नव्हे. मींडेत कलाकार वाटेतल्या श्रुतींवर रेंगाळतो, तिचा वेग तो ठरवतो. सतारीवरच्या घसीटेशी याचं नातं जवळचं म्हणता येईल. ‘अ‍ॅक्सेंट’चं प्रकरण आणखी गमतीचं आहे. जोर दिलेल्या सुरावर नुसता आवाज वाढत नाही, फिल्टरही जास्त उघडतो आणि सूर आखूड, टोकदार होतो. जोराचे सूर लागोपाठ आले तर सर्किटमधल्या कपॅसिटरला पुरतं रिकामं व्हायला सवड मिळत नाही, म्हणून दुसरा सूर पहिल्याहून वर चढतो, तिसरा त्याहून. तीच ओळ परत परत वाजत असताना ती चिडल्यासारखी, रडल्यासारखी का वाटते, याचं उत्तर या दोन-चार सुट्या भागांत आहे.

1983 मध्ये दोन गोष्टी घडल्या आणि 303 चा उरलासुरला बाजारही गेला. यामाहाचा डीएक्स7 हा सिंथेसायझर आला, त्याचे स्वच्छ डिजिटल स्वर सगळ्यांना हवेसे वाटू लागले. आणि मिडी आलं, वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील असा सामाईक करार. त्यासाठी झटलेल्यांमध्ये खुद्द काकेहाशी आघाडीवर होते. या कामाबद्दल त्यांना आणि अमेरिकेतले सिंथेसायझर बनवणारे डेव्ह स्मिथ यांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. 303 ला मिडी नव्हतं. दोन वर्षांपूर्वीचं यंत्र एकाएकी जुनं झालं.

त्या काळात कुणी ते वापरलंच नाही असं मात्र नाही. स्कॉटलंडच्या ऑरेंज ज्यूस या बँडचं, 303 चा बेस असलेलं गाणं 1983 मध्ये ब्रिटनच्या पहिल्या दहात गेलं होतं. तरी तिथे यंत्र बेसचंच काम करत होतं, गाण्याच्या खाली, आपल्या जागी.

मुंबई, 1982

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. बेस गिटार, गिटार, आणि नवनवी इलेक्ट्रॉनिक वाद्यं. ‘दम मारो दम’ मधलं ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे अ‍ॅकॉर्डियनसारखं इलेक्ट्रॉनिक वाद्य, त्यांचं. अशा वादकांची नावं तेव्हा तबकडीच्या वेष्टनावर छापत नसत. गोव्याहून आलेले कितीतरी व्हायोलिन-ट्रंपेटवाले, अरेंजर यांनी मुंबईचं चित्रपटसंगीत घडवलं आणि त्यांचीही नावं आपल्याला फार उशिरा कळली. चरणजित सिंग त्याच जगातले.

त्या जगाला इलेक्ट्रॉनिक वाद्यं परकी नव्हती. ‘नागिन’ मधली 1954 ची बीन ही खरी बीन नव्हे, ती कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या छोट्या इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर वाजवली होती, हे आपल्याकडे जुन्या गाण्यांच्या शौकिनांना तोंडपाठ असतं. 1970 च्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर मुंबईत आणला. नवं वाद्य दिसलं की ते आणायचं, शिकायचं आणि पुढच्या रेकॉर्डिंगला न्यायचं, हा इथल्या वादकांच्या पोटापाण्याचा भाग होता. चरणजित सिंगांनी सिंगापूरहून रोलँडची वाद्यं आणली. त्यांच्या तबकडीवर ज्युपिटर-8 हा की-बोर्ड सिंथेसायझर, टीआर-808 आणि टीबी-303 अशी तीन वाद्यं आहेत. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असलेली: अमेरिकेत ज्युपिटर-8 पाच हजार डॉलरांच्या वर जात होता.

डिस्कोचा तो भर होता. ‘कुर्बानी’ (1980) आणि नाझिया हसनची गाणी घराघरांत पोचली होती, ‘डिस्को डान्सर’ येऊ घातला होता. चरणजित सिंगांना सुचलेली कल्पना सरळ होती: तबला बंद, त्याच्या जागी डिस्कोचा ठेका, आणि वर राग. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ दोनेक दिवसांत एचएमव्हीसाठी मुद्रित झाली आणि बाजारात आली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. खपली नाही.

इथे थोडं थांबून ऐकायला हवं, कारण या तबकडीबद्दल बोलणारे पुष्कळ आणि तिच्यातलं संगीत उलगडून सांगणारे कमी. 808 ठेका धरून असतो. 303 खालून एक ओळ सतत फिरवत असते. रागाचं खरं काम ज्युपिटर-8 वर, उजव्या हाताने, जिवंत वाजवलेलं आहे. सूर सरकत सरकत जातात, आणि तिथे वादकाने मींडेसाठी पोर्टामेंटोचा, म्हणजे सूर सरकवत नेण्याच्या सोयीचा, वापर केला आहे. श्रुतींचा, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म जागांचा, प्रश्न अर्थातच सुटत नाही. तोडीचा गंधार जितका उतरलेला हवा तितका बारा समान सुरांच्या यंत्रात मिळत नाही, आणि तोडीवर जीव असलेल्या माणसाला ते खटकतं. मलाही खटकतं. उलट कलावती किंवा मालकंस, जिथे पाचच सूर आणि त्यांच्यातली अंतरं मोठी, तिथे हे यंत्र रागाला फारसं दुखवत नाही.

मग ही तबकडी ऐकताना अ‍ॅसिड हाऊसच ऐकतोय असं का वाटतं? वाद्यं तीच, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं संगीताच्या रचनेत आहे. पाश्चात्त्य पॉपमधला बेस कॉर्डमागे धावतो, दर दोन-चार मात्रांना पाया बदलतो. रागात कॉर्ड नसतात. षड्ज एकच, तो शेवटपर्यंत हलत नाही. त्यामुळे चरणजित सिंगांना 303 कडून कॉर्ड बदलण्याचं काम घ्यावंच लागलं नाही. ज्या कामात ते यंत्र कच्चं होतं ते काम रागाने मागितलंच नाही. पाच वर्षांनी शिकागोतल्या तरुणांनीही कॉर्ड सोडून दिल्या, त्यांची कारणं वेगळी. दोन्हीकडे एक आधारस्वर, एक फिरती ओळ, एक न थांबणारा ठेका उरला. 303 ची 16 घरं आणि तीनतालाच्या 16 मात्रा यांचंही नातं जोडलं जातं, पण ते ओढूनताणून वाटतं; 303 चं एक घर पाव मात्रेचं, आणि 16 घरं मिळून जेमतेम चार मात्रा होतात.

तबकडी का फसली याची कारणं मला तीन दिसतात. शास्त्रीय ऐकणाऱ्याला डिस्कोचा ठेका नको होता. डिस्कोवाल्याला गाणं हवं होतं, शब्द, आवाज, पडद्यावरचा नायक. आणि जिथे शब्दांवाचून पाच मिनिटं नुसत्या ठेक्यावर नाचावं अशा जागा शहरात जवळपास नव्हत्या. होते ते मोठ्या हॉटेलांतले मोजके डिस्कोथेक, आणि तिथे परदेशी रेकॉर्डी वाजत. मुंबईत यंत्र होतं, तालमीत तयार झालेला हात होता. नाचणारी गर्दी नव्हती. तिसरं कारण मला सगळ्यांत वजनदार वाटतं.

शिकागो

शिकागोत 1980 च्या दशकाच्या मध्याला हाऊस संगीत, म्हणजे यंत्रांच्या अखंड ठेक्यावरचं नाचाचं संगीत, बहरात होतं. कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांचे क्लब, रात्रभर चालणारा नाच, आणि सेकंडहँड दुकानांत पडलेली जपानी यंत्रं. डीजे पिअर, अर्ल ‘स्पँकी’ स्मिथ आणि हर्ब जे या तिघांच्या गटाचं नाव फ्युचर. स्पँकीने जुना 303 मिळवला. तो कसा चालवायचा हे त्यांना धड ठाऊक नव्हतं. तालयंत्राचा ठेका सुरू होता, 303 ची एक ओळ फिरत होती, आणि पिअरने वाजत्या ओळीवरच नॉब फिरवायला सुरुवात केली. कटऑफ वर, खाली. रेझोनन्स वाढव. डिके आखूड कर.

हाच तो बदल. नॉब हे आवाज एकदा बसवून सोडून देण्यासाठी होते, वादनासाठी नव्हेत. तबल्याच्या एकल वादनात पेटीवर लेहरा चालू असतो: तीच ओळ, पुन्हा पुन्हा, आणि कला सगळी तबल्यात. इथे लेहराच कलाकार झाला. सूर बदलत नाहीत, लय बदलत नाही, त्या ओळीचा रंग तेवढा मिनिटामिनिटाला पालटत राहतो. ओळ कुणी विचार करून रचलेली असो की चुकून जमलेली, फरक पडत नाही. सूर भरण्याची ती किचकट पद्धत, ज्यामुळे गिटारवाले वैतागले, तीच इथे उपयोगी पडली, कारण माणसाला सहज न सुचणाऱ्या जागी तिने जोर आणि घसरणी टाकून दिल्या.

ती टेप रॉन हार्डी या डीजेकडे गेली. त्याने म्युझिक बॉक्स या क्लबमध्ये ती वाजवली आणि, सांगितलं जातं त्याप्रमाणे, पहिल्यांदा लोक फ्लोअर सोडून गेले. त्याने त्याच रात्री ती पुन्हा लावली, आणि पुन्हा. चौथ्यांदा गर्दी बेभान झाली. 1987 मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या नावाने ट्रॅक्स रेकॉर्ड्सने ती काढली, निर्मिती मार्शल जेफरसनची, लांबी अकरा मिनिटांहून जास्त. जेफरसनने स्वतः आदल्या वर्षी 303 वापरून एक रेकॉर्ड केली होती, आणि जेसी सॉंडर्सच्या 1984 च्या रेकॉर्डवरही हे यंत्र होतं. म्हणजे ‘पहिलं कोण’ हा वाद शिकागोतही सरळ सुटत नाही. पण यंत्राला बेसच्या कामातून काढून मैफलीच्या मधोमध बसवणं फ्युचरने केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या हकिकतीत मला रॉन हार्डी फार महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या तबकडीला कुणी चार वेळा लावणारा मिळाला नाही. दुकानात एकदा ऐकून ग्राहकाने ती परत ठेवली असेल, आणि तिथेच विषय संपला.

श्रेय

एडो बाऊमन या डच संग्राहकाला 2002 मध्ये दिल्लीतल्या एका दुकानात चरणजित सिंगांची तबकडी मिळाली. 2010 मध्ये बॉम्बे कनेक्शन या त्यांच्या लेबलने ती पुन्हा काढली. युरोपात आधी अविश्वास पसरला. कुणीतरी नवं संगीत करून जुनी तारीख घातली आहे, असंही म्हटलं गेलं. ते खोटं आहे हे स्पष्ट झाल्यावर लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि ‘अ‍ॅसिड हाऊसचा खरा जनक मुंबईचा’ अशा मथळ्यांचा सुकाळ झाला.

आपल्याला हे ऐकायला गोड वाटतं, पण ते बरोबर नाही. शिकागोतल्या मुलांपर्यंत ही तबकडी पोचल्याचा काहीही माग नाही. त्यांनी स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या क्लबात, स्वतःच्या लोकांसाठी हे उभं केलं. जनकपद मुंबईला देऊन आपण त्या कृष्णवर्णीय तरुणांच्या हातचं काढून घेतो, आणि चरणजित सिंगांवरही अन्याय करतो. त्यांच्या कामाची किंमत ते पाच वर्षं आधी झालं यावर ठरत नाही. रागाला कॉर्ड लागत नाहीत आणि या यंत्राला त्या जमत नाहीत, ही गाठ एका मुंबईकर वादकाने कानाने ओळखली. ही संगीतातली समज आहे, आणि ती अनेक वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत निनावी वाजवून कमावलेली आहे.

303 चं पुढे काय झालं ते थोडक्यात. 1988 मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅसिड हाऊसची लाट आली आणि जुन्या यंत्रांचे भाव चढत गेले. आज एखादा चांगला नग मूळ किमतीच्या कित्येक पट मोजल्याशिवाय मिळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रॉबिन व्हिटल यांनी 1990 च्या दशकात ‘डेव्हिल फिश’ नावाने त्यात सुधारणा करून दिल्या आणि अ‍ॅक्सेंटचं ते कपॅसिटरचं वागणं तपशिलाने लिहून ठेवलं. रोलँडने 2014 मध्ये टीबी-3 आणि 2016 मध्ये टीबी-03 आणलं, 2019 मध्ये बेहरिंगरने टीडी-3 काढून हा आवाज विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल असा केला. या सगळ्यांत अ‍ॅक्सेंटचा चढ आणि स्लाइडची घसरण जपण्यावर सगळ्यांत जास्त मेहनत घेतलेली दिसते. बेस गिटारसारखा आवाज काढण्याची खटपट कुणी केलेली नाही.

चरणजित सिंगांना सत्तरीत बोलावणी येऊ लागली. युरोपातल्या क्लबांत आणि महोत्सवांत त्यांनी तेच राग वाजवले, आणि या वेळी समोर उभ्या असलेल्या तरुणांना शब्द नसलेल्या, न थांबणाऱ्या ठेक्यावर नाचायची सवय होती. 5 जुलै 2015 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.